बंद दुकानाची शिळी हवा

शहाद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बाजारपेठेतील त्यांचे किराणा व मसाल्यांचे दुकान संक्रांतीनंतर बंद झाले, ते आजवर उघडलेले नाही. कारण सासऱ्यांचे आजारपण. घरात सर्व जण त्यांना आबा म्हणतात. आबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार आहे. जानेवारीत त्यांची छाती भरली आणि आठवडाभर त्यांना रुग्णालयात प्राणवायूवर ठेवावे लागले. आता प्रकृती सावरली आहे, आणि आखाजीच्या मुहूर्तावर दुकान उघडावे, गल्ल्यावर पूर्वीप्रमाणे आपणच बसावे, असा त्यांचा हट्ट आहे. मुलाने रंगारी सांगून ठेवला आहे, नवा माल मागवला आहे. सून मात्र वेगळ्याच काळजीत आहे. दुकानात एक जुना लोखंडी कूलर आहे, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा आहे, आतल्या अंगाला मिरची-मसाला दळण्याचे लहान यंत्र आहे, आणि थंडीत आबा शटर निम्मे खाली ओढून कोळशाची शेगडी पायाशी घेऊन बसत. या सर्वांचे आता काय करावे, असे त्या विचारतात.

प्रश्न विचारला, हेच मोठे काम झाले. दुकान पुन्हा उघडताना आपण वजनकाटा तपासतो, उंदरांनी काय कुरतडले ते पाहतो, देवाची तसबीर पुसतो. हवा तपासावी असे कोणाच्याही मनात येत नाही. दुकानदार मात्र रोज दहा-बारा तास त्याच हवेत श्वास घेत असतो. गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबून जाते, तो दिवसभर तेथेच बसलेला असतो. म्हणून दुकानाच्या हवेचा पहिला रुग्ण नेहमी गल्ल्यावर सापडतो.

बंद दुकान विश्रांती घेत असते, असा आपला समज आहे. वास्तविक बंद काळातच तेथे पुष्कळ काही घडत असते. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पंख्याच्या भोकात पक्षी घरटी करतात, पोत्यांवर बुरशी धरते, उंदरांच्या लेंड्या वाळून त्यांची भुकटी होते. जोवर सर्व स्थिर आहे तोवर त्याचा उपद्रव थोडा. ज्या क्षणी आपण उत्साहाने कूलरचे व पंख्याचे बटण दाबतो, त्या क्षणी महिनोन्‌महिने खाली बसलेले हे सारे हवेत उडते आणि समोर बसलेल्याच्या छातीत जाते. म्हणून माझे सांगणे मुख्यतः क्रमाविषयी आहे. आधी शिळी हवा बाहेर, मग शिळे पाणी बाहेर, मग स्वच्छता, आणि यंत्राचे बटण सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो.

या विषयाचा धडा आपल्या जिल्ह्याने, किंबहुना साऱ्या देशाने, एकदा एकाच वेळी घेतलेला आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली, तो खानदेशात कूलर माळ्यावरून उतरवण्याचा हंगाम. ज्यांनी तोवर कूलर भरून ठेवले होते, त्यांच्या टाक्यांत पाणी तसेच राहिले. महाराष्ट्रात ५ जूनपासून दुकाने आलटून पालटून उघडू लागली, एका दिवशी रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. त्या काळी सर्वांचे लक्ष सॅनिटायझरच्या बाटलीकडे आणि जमिनीवर आखलेल्या गोलांकडे होते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इशरे’ या भारतीय संस्थेने आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने एप्रिल २०२० मध्येच हवेसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले होते. खोलीचे तापमान २४ ते ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवावी, वातानुकूलन चालू असतानाही बाहेरची हवा आत येऊ द्यावी, आणि कूलरने हवा बाहेरूनच ओढली पाहिजे, हा त्याचा गाभा. कूलरविषयीचे ते एक वाक्य आमच्या भागाला सर्वांत लागू होते, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत कमी ऐकले गेले.

पहिला दिवस केवळ हवेचा ठेवावा. आखाजीच्या किमान आठ दिवस आधी, सकाळच्या वेळी, शटर पूर्ण उघडावे, मागे दार किंवा झरोका असेल तर तोही उघडावा आणि तासभर कोणीही आत थांबू नये. पंखे लावू नयेत. आबांनी या दिवशी तर नाहीच, साफसफाई पूर्ण होईपर्यंत दुकानाच्या आसपासही फिरकू नये. मालकाने उभे राहून काम करून घ्यावे ही रीत चांगली आहे, परंतु त्यांच्या फुप्फुसांना ती परवडणारी नाही.

किराणा दुकानाच्या बाबतीत येथे एक गंभीर सूचना देणे भाग आहे. दुकान बराच काळ बंद राहणार म्हणून कोणी धान्याच्या पोत्यांत कीडनाशक गोळ्या ठेवल्या होत्या का, हे शटर उघडण्यापूर्वीच घरात विचारून घ्यावे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फॉस्फिन नावाचा अतिविषारी वायू सोडतात. त्याला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो असे म्हणतात, परंतु वास आला नाही म्हणजे वायू नाही असे मानणे जिवावर बेतू शकते. अशा गोळ्या ठेवल्या असतील तर शटर उघडून तत्काळ दूर व्हावे, जागा कित्येक तास मोकळी ठेवावी आणि धुरीकरणाचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे. उरलेल्या करड्या भुकटीवर पाणी ओतू नये, कारण तीत न विरघळलेला अंश असल्यास पुन्हा वायू सुटतो. आत गेलेल्या कोणाला खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, मळमळ किंवा चक्कर आली तर ‘उन्हाचा त्रास’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. त्याला तसेच रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हवा खेळून गेल्यावर झाडलोट. शब्द ‘झाडलोट’ असला तरी झाडू बाजूला ठेवावा. चार महिन्यांची धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि सांडलेल्या मिरचीची पूड कोरड्या झाडूने उडवली तर ती संध्याकाळपर्यंत हवेत तरंगत राहते. फडके ओले करून पुसून घ्यावे. लेंड्या असतील तेथे आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबावे. काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत. साधा रुमाल खरखरीत धूळ अडवतो. बारीक कण त्यातून आरपार जातात.

आता कूलर. खानदेशातल्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, तेव्हा कूलरला नावे ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा होय. ओल्या गवतातून कोरडी, तप्त हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि हवा थंड होते, इतके सोपे हे शास्त्र आहे. परंतु या सोप्या यंत्राच्या पोटात पाणी आहे, आणि आपला सगळा प्रश्न त्या पाण्याचाच आहे.

पाण्यातून होणाऱ्या श्वसनरोगाची गोष्ट १९७६ सालची आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतरच्या दिवसांत २२१ माणसे एका अनोळखी न्यूमोनियाने आजारी पडली आणि त्यांतील ३४ दगावली. पुढे १९७७ च्या आरंभी रोगाचा जंतू सापडला आणि माजी सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, सुखाने वाढतो. तो पिण्याच्या पाण्यावाटे सहसा बाधत नाही. पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासात गेले तरच फुप्फुसात पोहोचतो. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरील शीतकरण मनोरे, कारंजी, बराच काळ न वापरलेले शॉवर हे त्याचे आवडते मार्ग. आपला घरगुती कूलर त्या मानाने कमी धोक्याचा आहे, कारण तो चालू असताना पाणी थंड राहते आणि तुषार थोडे उडतात. परंतु पत्र्याच्या टाकीत, उन्हाने तापलेल्या बंद दुकानात, महिनोन्‌महिने पडलेले गाळमिश्रित पाणी ही गोष्ट वेगळी आहे. त्यातच समोर सत्तरीचा, फुप्फुसे आधीच अधू असलेला माणूस बसणार असेल तर ‘कमी धोका’ या शब्दांवर विसंबून चालणार नाही. वय, धूम्रपान, मधुमेह आणि जुना श्वसनरोग असणाऱ्यांनाच हा जंतू प्रामुख्याने गाठतो. आपल्याकडे न्यूमोनियाच्या रुग्णात या जंतूची तपासणी क्वचितच होते. म्हणून तो आपल्याकडे नाहीच, असे म्हणता येणार नाही.

दुसरा पाहुणा आपल्या अधिक परिचयाचा आहे. डेंग्यूचा डास, एडिस, स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी पाणी आटले तरी मरत नाहीत. महिनोन्‌महिने ती कोरडी चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास रिकामा केलेला, घासून न ठेवलेला कूलर यंदा नव्या पाण्याने भरला की गेल्या वर्षीचे डास जन्माला येतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते त्यामागे हेच गणित आहे. त्यात रिकामे करण्याइतकेच घासण्याला महत्त्व आहे, आणि घासणे बहुतेक जण विसरतात.

तेव्हा कूलरची तयारी अशी करावी. प्रथम त्याची पिन भिंतीतून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. ओल्या लोखंडी कूलरला हात लावून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. कूलर उचलून मोकळ्या जागेत न्यावा, उरलेले पाणी गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओतावे, म्हणजे अळ्या असल्या तरी मरतील. जुने गवत काढून फेकून द्यावे. ते धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, शंभर-दोनशे रुपयांसाठी बुरशी विकत घेऊ नये. टाकीच्या चारही भिंती व तळ ताठ ब्रशने घासावेत. कूपनलिकेच्या पाण्याने पांढरा क्षार धरला असेल तर लिंबूसत्त्वाचे किंवा व्हिनेगरचे पाणी अर्धा तास ठेवले की तो सुटतो. ते पाणी पूर्ण काढून, टाकी दोनदा धुऊन, मगच निर्जंतुकीकरणाकडे वळावे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो निरोगी माणसाचीही छाती जाळतो. सफाईच्या उत्साहात ही चूक सुशिक्षित घरांतही होते.

निर्जंतुकीकरणासाठी पन्नास लिटर पाण्यात पाच टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट पन्नास मिलिलिटर, एवढे प्रमाण पुरेसे आहे. हे पाणी टाकीत भरून, पंखा बंद ठेवून, केवळ पंप तासभर चालवावा, म्हणजे नळ्या आणि पंपाचे आतले भागही धुतले जातात. पिन लावण्यापूर्वी कूलरला अर्थिंग आहे आणि वायरीचे आवरण उंदरांनी कुरतडलेले नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. नंतर ते पाणी सोडून द्यावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, एक दिवस उन्हात वाळवावे, मग नवे गवत बसवावे. पहिले तासभर तो कोणी समोर नसताना चालवावा. पुढे हंगामभर दर आठवड्याला एक दिवस टाकी रिकामी करून घासावी. सुटीचा वार त्यासाठी उत्तम.

कूलर कोठे ठेवावा, हा प्रश्न पत्रात नाही, परंतु मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ दुकानांत कूलर आतच, कोपऱ्यात ठेवलेला असतो. असा कूलर दुकानातील तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात हवा दमट होते, घाम वाळेनासा होतो आणि दमेकऱ्याला कोंडल्यासारखे होते. कूलरची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे हवी आणि जितकी हवा तो आत ढकलतो तितकी बाहेर जाण्यास दुसऱ्या बाजूस वाट हवी. एका दाराच्या गाळ्यात हे अवघड आहे, हे मी जाणतो. तेथे कूलर शटरच्या एका कडेला, पाठ रस्त्याकडे करून ठेवावा आणि मागचा एक्झॉस्ट पंखा त्याच वेळी चालू ठेवावा. समोरून हवा आत, मागून बाहेर. जुन्या धाब्याच्या घरांत छताला धूर जाण्यापुरते छिद्र ठेवीत, त्याचे मोल आपण विसरलो आणि सिमेंटच्या गाळ्यांत मागची भिंत सरसकट बुजवून टाकली.

म्हणून आता त्या मागच्या पंख्याकडे वळू. चार महिने बंद असलेल्या एक्झॉस्टच्या पेटीत पारव्यांनी घर केले नसेल तर नवल. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची भुकटी श्वासात जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वैद्यकीय भाषेत तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. आबांसारख्या रुग्णात ती आली तर आधीच्या विकारात मिसळून जाते आणि ओळखू येत नाही. घरट्यात अंडी-पिल्ले नाहीत हे पाहून, विष्ठा पाण्याने चांगली भिजवून, मग खरवडून पिशवीत बांधावी. बाहेरून जाळी बसवावी.

पात्यांवर धुळीइतकीच मिरचीही असणार. नंदुरबार जिल्हा मिरचीसाठी प्रसिद्ध. पथारीवर लाल मिरची वाळत असताना रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो, हे येथे कोणाला सांगायला नको. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य श्वासनलिकेतील मज्जातंतूंना चेतवते, म्हणून खोकला उसळतो. धडधाकट माणूस दोनदा खोकून मोकळा होतो. सीओपीडीच्या रुग्णाच्या आधीच आकसलेल्या नलिका मात्र अधिक आवळतात. दळणयंत्राजवळच्या पंख्याच्या पात्यांवर तेल आणि खकाणा मिळून चिकट थर बसतो. त्यामुळे पंखा जड फिरतो आणि हवा निम्मीच फेकतो. पाती काढून गरम साबणाच्या पाण्याने धुवावीत, वंगण द्यावे, कपॅसिटर वायरमनला तपासू द्यावा. मग एक सोपी परीक्षा घ्यावी. पंखा चालू करून शटर पूर्ण बंद करावे आणि दळणयंत्रापाशी एक पेटती उदबत्ती धरावी. धूर तेथेच घुटमळत राहील. आता शटर हातभर उचलावे. धूर सरळ पंख्याकडे ओढला जाईल. आत येण्यास वाट नसेल तर बाहेर काढणारा पंखा निरुपयोगी असतो, हे सांगून न पटणाऱ्या घरच्या मंडळींना ही उदबत्ती पटवून देते.

तरीही खरे बोलायचे तर दळणयंत्र आणि आबा एका खोलीत नसावेत, असेच माझे मत आहे. यंत्र मागच्या पडवीत हलवणे शक्य असेल तर या निमित्ताने हलवावे. नसेल तर छतापर्यंत पोहोचणारी आडभिंत घालावी आणि दळण आबा जेवणासाठी घरी गेल्यावर, दुपारी करावे. त्यानंतर पंखा अर्धा तास चालू राहू द्यावा. गिऱ्हाईक थांबेल. चांगल्या तिखटासाठी माणसे थांबतात.

पत्रात जाता जाता असेही आहे की शेजारच्या दुकानदाराने एसी बसवण्याचा सल्ला दिला आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो खोलीतीलच हवा थंड करून परत सोडतो. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरातील खिडकी नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील दहा जणांना कोरोनाची लागण झाली, ती एसीच्या झोतात तीच हवा फिरत राहिल्याने, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. उघड्या शटरच्या किराणा दुकानात एसी चालणार नाही, आणि शटर बंद करून चालवला तर आबांसाठी तो कूलरहून वाईट. दुकानात कामाला येणारा मुलगा सिकलसेलचा रुग्ण असेल, आणि आपल्या जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजात हा आजार कमी नाही, तर त्याला उन्हातून येऊन थेट गार झोतात उभे करू नये. एकाएकी लागलेली थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता या दोन्हींनी त्याच्या वेदनांचा झटका उद्भवू शकतो. त्याच्या हाताशी पाण्याची बाटली सतत असावी.

शेवटी शेगडी. आखाजीला तिची आठवणही कोणाला होणार नाही, परंतु पत्रातील हे एकच वाक्य मी तीनदा वाचले. सातपुड्यात थंडी कशी असते हे मी वेगळे सांगायला नको. डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तो गारठा खाली शहाद्या-तळोद्यापर्यंत उतरतो. पहाटे दुकान उघडणाऱ्या वृद्धाला ऊब हवी, यात गैर काही नाही. परंतु कोळसा जळताना, विशेषतः ज्वाला विझून निखारे धुमसत असताना, कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. निम्मे ओढलेले शटर, मागे बंद पंखा, पायाशी शेगडी आणि मुळातच प्राणवायू कमी पडणारी फुप्फुसे. जानेवारीतल्या त्या आजारपणाला एकटी शेगडीच कारण झाली, असे मी म्हणणार नाही, कारण थंडीत जंतुसंसर्गही वाढतात. परंतु धुराने त्या संसर्गाची वाट सोपी केली असणे पुरते शक्य आहे. आबांना त्या दिवसांत सकाळी डोके दुखत असे का, दुकानातून घरी आल्यावर ते थांबत असे का, शेजारी बसणाऱ्या पोऱ्यालाही तसेच होत असे का, हे त्यांना शांतपणे विचारून पाहावे. उत्तर ‘होय’ आले तर ते पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालावे.

शेगडी या साफसफाईतच दुकानातून काढून टाकावी. कोळशाची नको म्हणून गॅसची आणू नये, कारण बंद जागेत तीही प्राणवायू खाते आणि नीट न जळल्यास तोच वायू सोडते. थंडीसाठी विजेची तेलभरली उष्णकुंडी बरी, ज्याला बाजारात ऑइल हीटर म्हणतात; तो काही जाळत नाही. तोही परवडत नसेल तर लोकरीची बंडी, पायमोजे, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि दुकान तासभर उशिरा उघडणे, हे चारही उपाय एकत्र केले तरी शेगडीहून स्वस्त पडतात. पुढच्या कार्तिकात दुकानात पुन्हा शेगडी दिसू नये म्हणून ती आत्ताच भंगारात द्यावी, माळ्यावर ठेवू नये. माळ्यावर ठेवलेली वस्तू थंडी पडली की आपोआप खाली येते.

रंगकाम आखाजीच्या आठ दिवस आधी उरकावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत पंखा व शटर उघडे ठेवावे. मुहूर्ताच्या दिवशी पूजा अवश्य करावी, पण धूप आणि उदबत्त्या दुकानाबाहेर, ओट्यावर लावाव्यात. दृष्ट काढून मिरच्या जाळण्याची रीत या एका वर्षी तरी सोडून द्यावी. आबांना लागणारी सर्वांत मोठी दृष्ट तो धूरच आहे. त्यांची बैठक मागच्या भिंतीकडून उचलून शटरजवळ, कूलरच्या झोतापासून बाजूला घ्यावी. गल्ला त्यांच्यासोबत पुढे येईल, त्यात अवघड काही नाही. रोज बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरात असेल तर पहिले पंधरा दिवस सकाळी दुकानात जाताना आणि संध्याकाळी परत आल्यावर आकडा लिहून ठेवावा, आणि डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेखाली तो गेला, किंवा बेडक्याचा रंग हिरवा-पिवळा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. इनहेलर खिशात असावा, ड्रॉवरमध्ये नव्हे.

आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ बसावे का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आखाजीला मुहूर्तापुरते तासभर यावे, आंब्याच्या रसाची वेळ झाली की घरी जावे. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचे दोन तास. वैशाखाच्या दुपारी, बारा ते चार, मुलाने बसावे. पावसाळा लागून हवा दमट झाली की कूलर तसाही गारवा देईनासा होतो. तेव्हा तो रिकामा करून, घासून, उन्हात वाळवून, तोंड बांधून ठेवावा.